पर्यवेक्षकांचे रात्रीचे फोन

शिक्षक संघटना म्हटलं की लोकांच्या डोळ्यांसमोर आझाद मैदान येतं. फलक, घोषणा, शिष्टमंडळ, मंत्र्यांबरोबरचा फोटो. ती कामं आम्ही केली आणि अभिमानाने केली. पण जिल्हा कार्यवाह म्हणून माझ्या हातून झालेल्या ज्या कामांचं मोल मला आजही सर्वांत जास्त वाटतं, त्यांचा एकही फोटो नाही. ज्यांच्यासाठी ती केली त्यांची पहिली अट हीच असायची, की नाव कुठे येता कामा नये. ही माणसं म्हणजे शाळांमधले पर्यवेक्षक आणि उपमुख्याध्यापक.

त्यांचे फोन रात्री नऊनंतर यायचे. शिक्षक भर दुपारी मधल्या सुट्टीत फोन करतो, स्टाफरूममधून, शेजारी चार जण ऐकत असताना. मुख्याध्यापक केबिनचं दार लावून करतात. पर्यवेक्षकाला लावायला दारच नसतं. मी पाहिलेल्या कितीतरी शाळांत त्याचं टेबल जिन्याखाली, नाहीतर कार्यालय आणि स्टाफरूमच्या मधल्या बोळात असायचं, येणाऱ्या-जाणाऱ्याच्या नजरेसमोर. म्हणून घरी जाऊन, जेवणं आटोपून, घरातलं सगळं शांत झाल्यावर तो बोलायचा. सुरुवात ठरलेली असायची: "सर, एका शाळेतून बोलतोय." शाळेचं नाव दुसऱ्या-तिसऱ्या फोनला कळायचं.

या माणसाकडे काम काय असतं ते बाहेर फारसं कुणाला माहीत नसतं. जूनमध्ये वेळापत्रक बसवायचं. चाळीसेक शिक्षक, वीस-बावीस तुकड्या, एक प्रयोगशाळा, एक मैदान, आणि कुणाला पहिला तास नको तर कुणाला शेवटचा. मग रोज सकाळी रजेवर कोण आहे ते पाहून ऑफ तास लावायचे. टाचणवह्या तपासायच्या, पाठ पाहायचे, घटक चाचणीच्या प्रश्नपत्रिका वेळेवर काढून घ्यायच्या, यू-डायसची माहिती भरायची, चिडून आलेल्या पालकाला मुख्याध्यापकांच्या दारापर्यंत जाण्याआधी शांत करायचं. दहावीचं केंद्र शाळेत असेल तर फेब्रुवारी-मार्च त्यातच जातात. हे सगळं करून स्वतःचे तासही घ्यायचे, कारण पर्यवेक्षक हा मुळात शिक्षकच. अनेक शाळा आतून पाहिल्यावर मी खात्रीने सांगतो, की शाळेचा दिवस सुरळीत जातो तो बऱ्याच अंशी याच माणसामुळे.

आणि तरी तो कुणाचाच नसतो. मुख्याध्यापक संघ मुख्याध्यापकांचा. शिक्षक संघटनेचा तो सभासद असतो, पण ऑफ तासाची चिठ्ठी पाठवणारा म्हणून स्टाफरूमच्या मनात त्याच्याविषयी अढी असते. संस्थाचालकांना वाटतं, हा संघटनेचा माणूस. आमच्याच तालुका बैठकांत मी ऐकलंय, "पर्यवेक्षक आलेत, आता जरा जपून बोला." ज्याने पंधरा-वीस वर्षं आमची वर्गणी गोळा केली, मोर्चाच्या गाड्या भरल्या, त्याच्या हातात बढतीचं पत्र पडलं की आठ दिवसांत तो आम्हाला परका व्हायचा. हे मला कधीच पटलं नाही.

कायद्यापुढे मात्र तो आमच्यासारखाच कर्मचारी. महाराष्ट्रात खाजगी शाळांतल्या कर्मचाऱ्यांसाठी १९७७ चा सेवाशर्तींचा अधिनियम झाला, त्याची नियमावली १९८१ मध्ये आली. त्याआधी होती ती माध्यमिक शाळा संहिता, तिला कायद्याचं बळ नव्हतं. या अधिनियमाचं नववं कलम आम्हा कार्यकर्त्यांना तोंडपाठ असतं. नोकरीवरून काढलं तर शाळा न्यायाधिकरणाकडे अपील करता येतं हे सगळ्यांना ठाऊक आहे. त्याच कलमात पदावनती आणि बढतीत डावललं जाणं हीसुद्धा अपिलाची कारणं म्हणून लिहिलेली आहेत, याची जाणीव पर्यवेक्षकांनाच नसायची. मुदत तीस दिवसांची. रात्रीच्या फोनवर माझा पहिला प्रश्न म्हणूनच ठरलेला असायचा: "पत्र कुठल्या तारखेचं आहे, आणि तुमच्या हातात कधी पडलं?" तक्रार काय, अन्याय केवढा, हे नंतर.

हे न्यायाधिकरण इतकं महत्त्वाचं का, त्याला गोव्याची एक पार्श्वभूमी आहे. तिथल्या एका खाजगी शाळेतल्या शिक्षिकेला कामावरून कमी केलं गेलं. प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलं आणि १९८८ मध्ये निकाल लागला, की औद्योगिक विवाद कायद्याच्या अर्थाने शिक्षक हा 'कामगार' नाही. गिरणीतल्या मुकादमाच्या वादात जी वाट शोधता येते ती शाळेतल्या पर्यवेक्षकाला त्या दिवसापासून बंद. आमच्याकडे निदान शाळा न्यायाधिकरण आहे. त्याची तीस दिवसांची मुदत संकोचात घालवणारे पर्यवेक्षक पाहिले की जीव तुटायचा.

आता नकारपत्राचा किस्सा सांगतो.

पश्चिम महाराष्ट्रातली एक मोठी शिक्षणसंस्था. मुख्याध्यापक मेअखेर निवृत्त होणार होते आणि सेवाज्येष्ठतेत पुढचं नाव पर्यवेक्षक बाईंचं होतं. विज्ञानाच्या बाई. आवाज कधी चढत नसे, पण त्या व्हरांड्यात आल्या की तीन वर्ग गप्प व्हायचे. एप्रिलच्या एका संध्याकाळी अध्यक्षांनी त्यांना घरी चहाला बोलावलं. तिथे आणखी दोन संचालक बसले होते. चहा झाला, मुलांची चौकशी झाली, आणि मग टाइप केलेला कागद पुढे आला. 'कौटुंबिक जबाबदाऱ्या व प्रकृतीच्या कारणास्तव मुख्याध्यापकपद स्वीकारण्यास मी असमर्थ आहे.' बाईंची प्रकृती ठणठणीत होती. अध्यक्षांच्या नात्यातले एक शिक्षक यादीत त्यांच्या खालोखाल होते. बाईंनी सही केली. मला म्हणाल्या, "सर, तीन पुरुष समोर बसलेले, अध्यक्षांच्या सौभाग्यवती आत-बाहेर करताहेत, अशा वेळी नाही कसं म्हणणार? हळदीकुंकवाला जाते मी त्यांच्याकडे."

फोन आला तेव्हा रात्रीचे साडेदहा झाले होते. त्यांना वाटत होतं, सगळं संपलं. त्या फक्त सांगण्यासाठी बोलत होत्या, काही करा म्हणून नव्हे.

नियमावलीचा तिसरा नियम मुख्याध्यापकाच्या नेमणुकीचा आहे. पद सेवाज्येष्ठाला द्यायचं. सेवाज्येष्ठ माणूस नकार देत असेल तर तो लेखी हवा, स्वेच्छेचा हवा, आणि तो खरोखर स्वेच्छेने दिलाय याची शिक्षणाधिकाऱ्यांनी खात्री करून घ्यायची. ही तरतूद ज्याने लिहिली त्याला संस्थाचालकाच्या दिवाणखान्यातला चहा नक्की माहीत असणार. बाईंना हे सांगितलं तेव्हा पलीकडे बराच वेळ आवाज नव्हता. मग म्हणाल्या, "म्हणजे मला साहेबांसमोर जाऊन सांगता येईल?"

त्या रात्रीच मजकूर ठरवला. त्यांनी स्वतःच्या हाताने लिहायचा, टाइप करायचा नाही. अमुक तारखेला, अमुक ठिकाणी, अमुक व्यक्तींच्या उपस्थितीत माझ्याकडून सही घेतली गेली. ती माझ्या इच्छेने नाही. पदावरचा माझा हक्क मी सोडलेला नाही. कुणावर आरोप नाही, एकही विशेषण नाही. तीन प्रती: संस्थेला, शिक्षणाधिकाऱ्यांना, शिक्षण उपसंचालकांना. सकाळपर्यंत थांबलो असतो तर बाईंचा धीर सुटला असता, आणि नातेवाइकांत चर्चा झाली असती ती वेगळीच. आमचा एक तरुण कार्यकर्ता रेल्वे स्टेशनवरच्या टपाल कार्यालयात गेला. तिथे उशिरापर्यंत टपाल घेतात हे संघटनेतल्या जुन्या माणसांना ठाऊक असतं. बाईंचे यजमान स्कूटरवरून पाकिटं घेऊन आले, मध्यरात्रीच्या आत पावत्या हातात आल्या, आणि त्या पावत्यांवर त्या दिवसाची तारीख होती. नंतर ती तारीखच कामाला आली, कारण संस्थेने नकारपत्र शिक्षणाधिकारी कार्यालयात दाखल केलं ते दोन दिवसांनी.

टपालाविषयी थोडं सांगायलाच हवं. याच अधिनियमाचं सातवं कलम राजीनाम्याचं आहे. राजीनामा दोन प्रतींत, सही आणि तारखेसह, आणि एक प्रत संस्थेला रजिस्टर पोस्टाने. दबावाखाली घेतलेले किती राजीनामे या एका अटीवर कोसळले असतील! घरी बोलावून लिहून घेणारे पोस्टाच्या रांगेत उभे राहत नाहीत. २०२५ मध्ये टपाल खात्याने रजिस्टर पोस्टाची सेवा स्पीड पोस्टमध्ये विलीन केली. तेव्हा आमच्या कार्यकर्त्यांना मी आवर्जून सांगितलं, की पोचपावतीचा पर्याय घेतल्याशिवाय एकही पाकीट सोडू नका.

बाईंना शिक्षणाधिकाऱ्यांनी बोलावलं. आत त्यांनी एकटीनेच जायचं असं आम्ही ठरवलं होतं. संघटनेचे पदाधिकारी बरोबर घुसले असते तर समोरच्यांनी म्हटलं असतं, आता दबाव संघटनेचा. आम्ही बाहेर बाकावर बसलो. त्यांच्या शाळेतल्या चार शिक्षिका किरकोळ रजा टाकून आल्या होत्या. त्यांतल्या दोघींची टाचणं बाईंनी त्याच वर्षी परत पाठवली होती. पाच मिनिटांत बाई बाहेर आल्या. साहेबांनी एवढंच विचारलं होतं, पद हवंय की नको, आणि त्या म्हणाल्या होत्या, हवंय.

त्या मुख्याध्यापक झाल्या. त्याच शाळेत मात्र नाही. संस्थेने त्यांना आपल्याच एका लहान शाखेत त्या पदावर पाठवलं आणि मूळ शाळेत त्यांच्याहून ज्येष्ठ असलेल्या दुसऱ्या शाखेतल्या मुख्याध्यापकांना आणलं. ते नियमात बसत होतं, आम्ही वाद घातला नाही. बाई रोज एसटीने जायच्या. सहीचा अधिकार मिळायला वेळ लागला, शालार्थ या वेतन प्रणालीवर त्यांचं वेतन नव्या पदाने निघायला त्याहून जास्त, आणि वेतन पथकाच्या खिडकीवरच्या आमच्या फेऱ्या चालूच राहिल्या. पण यादीतलं नाव ओलांडून पुढे जाणं त्या संस्थेत नंतर कुणाला जमलं नाही.

याच्या उलटही घडतं. एका पर्यवेक्षकांनी मुख्याध्यापकपद खरोखरच नाकारलं. वडील अंथरुणाला खिळलेले, सांभाळायला दुसरं कुणी नाही. आम्ही त्यांना समजावायला गेलो आणि त्यांच्या घरची परिस्थिती पाहून गप्प परत आलो. काही वर्षांनी पुन्हा पद रिकामं झालं, तोवर वडील गेले होते. संस्था म्हणाली, तुम्ही एकदा नकार दिलाय. नियम स्पष्ट आहे: एका वेळचा नकार पुढच्या जागेवरचा हक्क घालवत नाही. नियमाची प्रत जोडून एक पत्र दिलं आणि काम झालं. तेव्हापासून नकार देणाऱ्या प्रत्येकाला मी त्या पत्राची प्रत जपून ठेवायला सांगत आलो. सेवाज्येष्ठता यादी दरवर्षी सहीला येते, तेव्हा सवयीने 'मान्य' लिहून मोकळं होऊ नका, हेही. क्रम चुकला असेल तर हरकत तिथेच, तारखेसह नोंदवा. दहा वर्षं मान्य लिहिल्यावर अकराव्या वर्षी न्यायाधिकरणासमोर उभं राहणं फार जड जातं.

सगळ्यांत अवघड प्रकरणं वेगळी. तक्रार करणारा आमचा सभासद आणि ज्याच्याविरुद्ध तक्रार तोही आमचाच.

पवित्र पोर्टलवरून रुजू झालेली एक तरुण शिक्षण सेविका कार्यालयात आली. तेव्हा माध्यमिकच्या शिक्षण सेवकाला महिन्याला ८,००० रुपये मानधन होतं. ते १८,००० झालं २०२३ मध्ये. घरभाडं आणि प्रवास यांतच तिचे पैसे संपत. तिचं म्हणणं, पर्यवेक्षक सर मुद्दाम तिलाच ऑफ तास लावतात, कारण तीन वर्षं पूर्ण होईपर्यंत ती तोंड उघडणार नाही हे त्यांना माहीत आहे. बोलताना तिचे डोळे भरले होते. पर्यवेक्षक आमचे वीस वर्षांचे सभासद. त्याच रात्री त्यांचाही फोन आला: "ती पोरगी तुमच्याकडे आली होती ना? आता तुम्ही माझ्याविरुद्ध पत्र काढणार?"

अशा वेळी बहुतेक संघटना संख्येकडे बघतात. शिक्षक पुष्कळ, पर्यवेक्षक एक. मग पत्र निघतं आणि पर्यवेक्षक कायमचा तुटतो. आमच्याकडे मी एक पद्धत घालून दिली होती: एका प्रकरणात एकच कार्यकर्ता दोन्ही बाजूंचं बोलणार नाही. तिच्या बाजूने आमच्या महिला आघाडीच्या एक बाई बसल्या, सरांच्या बाजूने मी. रविवारी सकाळी कार्यालयात सगळे जमलो. मी सरांना वेळापत्रकाचा मोठा तक्ता आणि ऑफ तासांची वही आणायला सांगितलं होतं.

वही उघडली आणि चर्चेचा सूरच बदलला. सर्वांत जास्त ऑफ तास सरांनी स्वतः घेतले होते. त्यांच्या नावापुढच्या नोंदी पानामागून पान चालल्या होत्या. हे त्या मुलीला माहीत नव्हतं, आणि सांगणं सरांच्या स्वभावात नव्हतं. दुसरा क्रमांक तिचा. कारण तक्त्यात दिसत होतं. शाळेत गणिताची आणि हिंदीची अशा दोन जागा वर्षानुवर्षं रिकाम्या. २ मे २०१२ च्या शासन निर्णयाने भरती थांबली, त्यानंतर निवृत्त झालेल्या त्या दोन शिक्षकांच्या जागी कुणी आलंच नव्हतं. त्यांचे तास सगळ्यांत वाटून टाकलेले, त्यामुळे दुपारच्या आधी मोकळा तास असलेली माणसं उरली होती दोनच, सर आणि ती. कुणी रजेवर गेलं की तिला पाठवण्यावाचून सरांना इलाजच नव्हता. मुद्दाम काहीच नव्हतं. तरी तिच्यावरचा भार अन्यायाचा होताच, आणि तो सरांनी तिथल्या तिथे मान्य केला.

त्या दिवशी पत्र निघालं, पण ते संस्थेला. दोन रिक्त जागांवर स्वतःच्या निधीतून तासिका तत्त्वावर शिक्षक घ्या, अशी मागणी. खाली सही शिक्षण सेविकेची आणि तिच्याशेजारी पर्यवेक्षकांची. संस्थेने दिवाळीनंतर एक शिक्षक घेतला. दुसऱ्यासाठी पैसे नाहीत म्हणाले. मागितलं होतं त्याच्या निम्मं मिळालं, पण आठवड्यातले तिचे दोन दुपारपूर्वीचे तास मोकळे झाले.

चौकशी समितीचे किस्से कितीतरी आहेत, त्यांतला एकच सांगतो. नियमावलीप्रमाणे समिती तिघांची असते: एक संस्थेचा, एक कर्मचाऱ्याने निवडलेला, आणि तिसरा राज्य किंवा राष्ट्रीय पुरस्कारप्राप्त शिक्षकांच्या यादीतला. कर्मचाऱ्याने निवडायचा माणूस कुठल्याही खाजगी शाळेतला कर्मचारी चालतो, आणि इथे संघटना कामाला येते. दुसऱ्या गावाहून स्वतःच्या रजा खर्च करून सुनावणीला येणारा, कागद वाचणारा आणि दबकून न जाणारा माणूस शोधून द्यावा लागतो. आमच्याकडे अशा माणसांची एक अनौपचारिक यादी होती. त्यांनी कधी प्रवासखर्च मागितला नाही.

एका पर्यवेक्षकांवर पोषण आहाराच्या तांदळात तूट आणल्याचा आरोप आला. साठ्याची वही त्यांच्याकडे होती, कारण मुख्याध्यापकांनी ती त्यांच्याकडे सरकवली होती. शाळांमध्ये असं सर्रास चालतं: जबाबदारी खाली सरकते, अधिकार वरच राहतो. संस्थेला त्यांना निलंबित करायचं होतं, पण शिक्षणाधिकाऱ्यांची पूर्वपरवानगी मिळाली नाही, आणि परवानगीशिवाय निलंबित केलं तर निर्वाह भत्ता संस्थेच्या खिशातून द्यावा लागतो. म्हणून ते चौकशी होईपर्यंत कामावर राहिले. रोज शाळेत जायचे, मुलं मागून काहीतरी पुटपुटायची.

समितीतल्या पुरस्कारप्राप्त शिक्षिका वयाने मोठ्या, बोलणं अगदी मोजकं. पहिल्याच बैठकीत त्यांनी साक्षीदार बाजूला ठेवले आणि तीन वह्या मागितल्या: हजेरी, साठा, पोत्यांची आवक. सहावी ते आठवीच्या मुलाला दिवसाला १५० ग्रॅम तांदूळ. त्या रोजच्या हजेरीला १५० ने गुणत बसल्या. हातात कॅल्क्युलेटर नव्हता, कागदावर पेन्सिलीने. आवकीच्या वहीत पर्यवेक्षकांनी जागोजागी बारीक अक्षरात लिहून ठेवलं होतं: 'पोते वजनात कमी', पुढे किलो, पुढे तारीख, गाडीवाल्याची सही. त्या सगळ्या कमी वजनांची बेरीज आणि आरोपातली तूट जवळजवळ जुळली. आमच्या प्रतिनिधीला फारसं बोलावंच लागलं नाही. त्यानंतर आमच्या शिबिरांत पर्यवेक्षकांना मी ती नोंद कशी लिहायची हे फळ्यावर लिहून दाखवायचो.

खाजगी शाळांत पर्यवेक्षकाचं जे होतं तेच जिल्हा परिषदेत केंद्रप्रमुखाचं, म्हणजे आसपासच्या शाळांच्या एका गटावर देखरेख ठेवणाऱ्याचं. १९९४ मध्ये ही पदं निर्माण झाली, राज्यात ४,८६० केंद्रं. जागा मोठ्या प्रमाणावर रिकाम्या राहिल्या. २०२३ च्या जूनमध्ये परीक्षा परिषदेने २,३८४ पदांसाठी मर्यादित विभागीय परीक्षेची जाहिरात काढली आणि ती परीक्षाही लांबतच गेली. मधल्या काळात एकेका माणसाने दोन-दोन, तीन-तीन केंद्रं ओढली. २०२४ च्या सप्टेंबरात कमी पटाच्या शाळांवर कंत्राटी शिक्षक नेमण्याच्या आणि पटावरून शिक्षकांची पदं ठरवणाऱ्या संचमान्यतेच्या नव्या निकषांच्या विरोधात प्राथमिक शिक्षक उठले, २५ तारखेला सामूहिक रजा टाकली, आणि आंदोलनाचा भाग म्हणून प्रशासनाच्या व्हॉट्सॲप ग्रुपमधून बाहेर पडले. माझ्या ओळखीच्या एका केंद्रप्रमुखांच्या ग्रुपवर संध्याकाळपर्यंत त्यांच्याशिवाय कुणीच उरलं नाही. वरून निरोप येत होते, अमुक शाळांची माहिती तासाभरात द्या. त्यांनी स्वतः शिक्षक म्हणून संघटनेत उमेदवारी केलेली. शिक्षकांची मागणी त्यांना शंभर टक्के मान्य होती. रात्री मला म्हणाले, "मी बाहेर पडलो तर शिस्तभंग, आत राहिलो तर फितूर."

आमच्या प्राथमिकच्या सहकाऱ्यांशी बोलून मी एक सुचवलं आणि त्यांनी ते मानलं. आंदोलनाच्या पत्रकात एक ओळ आली, की केंद्रप्रमुखांना ग्रुप सोडण्याचं आवाहन नाही. त्यांनी फक्त 'शिक्षकांनी माहिती दिलेली नाही' एवढं खरं उत्तर वर कळवावं. या एका ओळीसाठी दोन तास वाद झाला. त्या ओळीने त्या केंद्रप्रमुखांची झोप परत आली, हे मला त्यांच्याच घरच्यांनी सांगितलं.

संचमान्यतेचं दुखणं तर दरवर्षीचं. ३० सप्टेंबरचा पट धरला जातो, आणि आता आधार जुळलेलीच मुलं मोजतात. तुकडी तुटली की शिक्षक अतिरिक्त होतो हे सर्वांना कळतं. तुकड्या कमी होत गेल्या की पर्यवेक्षकाचं पदही जातं हे कमी जणांना कळतं. म्हणून मे महिन्याच्या उन्हात मराठी शाळांचे पर्यवेक्षक वाडी-वस्तीवर मुलं शोधत फिरतात. पन्नाशी ओलांडलेली माणसं, हातात प्रवेशाचे अर्ज. ते हिंडणं कुठल्याही सेवापुस्तकात नोंदलं जात नाही.

इंग्लंडमधल्या मुख्याध्यापकांच्या एनएएचटी या संघटनेने २०१४ मध्ये शाळांतल्या या मधल्या फळीसाठी 'एज' नावाची स्वतंत्र शाखा काढली होती. ते वाचल्यावर मी आमच्या कार्यकारिणीत विषय मांडला. स्वतंत्र शाखा मला नको होती. आपल्याकडे आधीच संघटना कमी नाहीत, आणखी एक फळी फुटली तर संस्थाचालकांनाच बरं. मला हवी होती जिल्हा कार्यकारिणीत पर्यवेक्षक-उपमुख्याध्यापकांसाठी एक राखीव जागा. वार्षिक सभेत ठराव आला तेव्हा विरोध झाला तो आपल्याच लोकांचा. "आज जागा दिली, उद्या आमच्या तक्रारींचा निवाडा तेच करतील." मुद्दा चुकीचा नव्हता. म्हणून ठरावात दुरुस्ती झाली: पर्यवेक्षकाविरुद्धची तक्रार चर्चेला आली की त्या जागेवरचा सभासद बैठकीबाहेर जाईल. हात वर करून मतदान झालं. ठरावाच्या बाजूने पहिला हात वर गेला तो ऑफ तासांच्या वहीवरून भांडायला आलेल्या त्या शिक्षण सेविकेचा. तोवर ती कायम झाली होती.

त्या जागेवर आलेल्या पर्यवेक्षकांनी पहिल्या बैठकीत पेन्शन मागितली नाही, भत्ता मागितला नाही. त्यांनी मागितलं: साठ्याची वही, बँकेचे व्यवहार, परीक्षेची गोपनीय पाकिटं अशी कुठलीही जबाबदारी मुख्याध्यापकांनी पर्यवेक्षकाकडे सोपवली तर ती लेखी आदेशाने सोपवावी, तोंडी नको. जिल्ह्यातल्या सर्व शाळांना तसं परिपत्रक काढावं, असं निवेदन शिक्षणाधिकारी कार्यालयात दिलं आहे. आवक क्रमांक मिळाला आहे, परिपत्रक निघायचं आहे. आता कार्यवाह दुसरे आहेत. पहिलं स्मरणपत्र गेलं, दुसरं या महिन्यात जाईल. रात्रीचे फोन मात्र अजून माझ्याकडेच येतात आणि मी ते घेतो.